बुडबुड्यातली उलटी बाई

शारशेनच्या फोटोत एक बाई आहे हे पहिल्यांदा दिसलं ते क्लाराएजेला, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. क्लाराएजेने (आमच्याकडे एजे म्हणजे ताई, बाइके म्हणजे दादा) काराकोलच्या नोंदणी कचेरीत बसून अर्ध्या गावाची लग्नं लावली होती आणि त्याच टेबलावर, दुसऱ्या शिक्क्याने, त्यातली बरीचशी मोडलीही होती. निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात. ती आमच्या फोटो क्लबात परीक्षक झाली.

फोटो साबणाच्या बुडबुड्याचा होता. बुडबुड्याचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुंकर मारणारं गोंडस पोर येतं. तसलं काही नव्हतं. भिंग लावून इतक्या जवळून काढलेला की बुडबुडा आहे हे सांगावं लागे. नुसते रंग. जांभळ्यात घुसलेला हिरवा, हिरव्याच्या कडेला सोनेरी, मध्येच निळ्याचं एक शेपूट गरगरत गेलेलं. आमच्या अध्यक्षांना, म्हणजे तुरातबेकना, त्यात अंतराळ दिसलं. मला डबक्यावर सांडलेलं डिझेल दिसलं, पण मी बोललो नाही. पहिला नंबर एकमताने दिला. फोटो बिश्केकच्या प्रदर्शनात पाठवायचा म्हणून दाराएवढा मोठा छापून आणला, आणि तिथेच घात झाला. छोट्या फोटोत जे मुगाच्या दाण्याएवढं होतं, ते आता अंगठ्याएवढं झालं होतं.

"हे काय आहे?" क्लाराएजेने खालच्या कडेला बोट ठेवलं.

"रंगाची छटा," तुरातबेक म्हणाले.

"छटेला खांदे असतात?"

आम्ही वाकून पाहिलं. खांदे होते. खांद्यांच्या खाली डोकं होतं, म्हणजे बाई उलटी होती. डोक्याला रुमाल, हनुवटीखाली गाठ, गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी.

बुडबुड्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. बुडबुडा म्हणजे दोन आरसे असतात. पुढचा फुगीर, तो खोली सरळ दाखवतो. मागचा आतून खोलगट, तो तीच खोली उलटी करून दाखवतो. त्यामुळे दिवा एक असला तरी बुडबुड्यात दोन दिसतात, एक वर, एक खाली डोक्यावर उभा.

"मग सरळ बाई कुठे गेली?" क्लाराएजे म्हणाली.

सरळ बाई असायला हवी होती त्या जागी हिरवा रंग होता. जरा जास्तच गुळगुळीत हिरवा. घाईघाईत गिलावा केलेल्या भिंतीसारखा.

"पुसलीय," क्लाराएजे समाधानाने म्हणाली. "एक पुसली, दुसरी विसरला."

आमच्या स्पर्धेचा नियम साधा होता: फोटोत हलकी सुधारणा चालेल. उजेड थोडा कमीजास्त करा, कडा कापा, धूळ पुसा. माणूस ही धूळ आहे की नाही, हा प्रश्न तोवर क्लबापुढे आला नव्हता.

शारशेनला बोलावलं. तो जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, बोलण्यातही इंचाइंचाने पुढे सरकणारा माणूस.

"ही कोण?" तुरातबेकनी विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच होतो."

"मग पुसलंस काय?"

"धूळ."

"धुळीने रुमाल बांधला होता?" क्लाराएजे म्हणाली.

शारशेन लाल झाला. इतका शुद्ध लाल त्याला एकाही बुडबुड्यात सापडला नव्हता. सभेत काय ते बघू, असं ठरलं. तोवर कोणी कुठे बोलायचं नाही, हेही ठरलं. क्लाराएजेने छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि रविवारच्या जनावरांच्या बाजारात मेंढ्यांचे भाव आणि शारशेनची बाई हे दोनच विषय होते.

मुद्दा असा होता की बाई त्याची बायको असू शकत नव्हती. बुरमा तेव्हा बिश्केकला होती, लेकीच्या बाळंतपणाला. बाळाचे चाळीस दिवस झाले, वर सर्दी झाली, मग पहिला दात येतोय असं वाटलं, असं करत ती थंडीभर तिकडेच राहिली होती आणि नुकती कुठे परतली होती.

गावाने मग हिशेब मांडला. या थंडीत शारशेन सारखा कुठे जात होता? औषधाच्या दुकानात. तिथे कोण बसतं? सोनून, विधवा, वय फार नाही. तो तिथून ग्लिसरीन आणायचा. ग्लिसरीन घातल्याशिवाय बुडबुडा टिकत नाही हे क्लबातल्या शेंबड्यालाही माहीत आहे, पण गावात क्लबाबाहेरचीच माणसं जास्त. सोनूनच्या दुकानात लोक खोकला नसताना जाऊ लागले. तिनेही नवीन स्वेटर घातला, त्यामुळे संशयाला पुरावा मिळाला.

दोन दिवसांनी बुरमाने मला बोलावलं. घरात शिरलो तर दाराशी भरलेली प्रवासी पिशवी. बुरमा गेली नव्हती. जाता येतं एवढंच तिने मांडून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात शारशेन स्टुलावर बसला होता, घरातही टोपी घालून, जणू बस येणार होती. खिडकीवर काळं कापड, दिव्यावर ताणलेली पांढरी चादर, आणि वाडग्यात साबणाचं पाणी.

बुरमाने चहा ओतला. चहावर बारीक फेस आला.

"बघा, मुकाशबाइके," ती म्हणाली, "माझे चहाचे वाडगेसुद्धा सोडले नाहीत त्याने. प्या, पोट साफ होईल."

मी प्यालो. नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

"तुम्ही त्याचे जुने मित्र. सरळ सांगा. सोनून आहे का?"

"मला माहीत नाही, बुरमा."

"म्हणजे आहे."

"नाही नाही, मला खरंच..."

"मित्र ‘नाही’ म्हणतो तेव्हा नसतं. ‘माहीत नाही’ म्हणतो तेव्हा असतं. हा म्हणतो, कोणीच नव्हतं. कोणी नव्हतं तर पुसलं कशाला? मी काय न सांडलेलं दूध पुसत बसते?"

शारशेन चादरीकडे बघत होता.

"बोल ना रे," मी म्हणालो.

"कोणी नव्हतं," तो चादरीला म्हणाला.

बुरमाने रुमाल डोक्याला बांधला, दाराशी गेली आणि पिशवी उचलली. मोठ्याने नाही, रडत नाही, बाजाराला निघाल्यासारखी. "लेक म्हणालीच होती, राहा म्हणून. आता राहीन." मला तिच्या तोंडाकडे बघवेना. ती खरंच जाणार होती.

शारशेन उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"थांब. मुकाश, तू जरा बाहेर जा."

"बाइके कुठेही जाणार नाहीत," बुरमा म्हणाली. "मला साक्षीदार हवा."

शारशेनने मोठा श्वास घेतला. "मी होतो."

"तू होतास हे माहीत आहे. ती कोण होती?"

"तीच मी होतो."

आणि त्याने टोपी काढली. माझी त्याची ओळख तरुणपणापासूनची, पण टोपीखाली हे असं आहे हे मला माहीत नव्हतं. एकही केस नाही. गोठलेल्या तळ्यासारखं डोकं.

"चमकतं," तो म्हणाला. "मी भिंगामागे वाकलो की चादरीचा उजेड थेट डोक्यावर. प्रत्येक बुडबुड्यात एक जास्तीचा सूर्य. रंगच दिसेनात."

"टोपी घालायची."

"कोणती? उन्हाळी कल्पाक पांढराशुभ्र, तो डोक्याहून जास्त चमकतो. ही केसाळ, हिचा एक केस बुडबुड्यावर पडला की फट. खुंटीवर तुझा काळा रुमाल होता."

बुरमाने पिशवी खाली ठेवली, पण हात पट्ट्यावरच. "आणि गाठ हनुवटीखाली?"

"मागे बांधला तर कान बाहेर राहत होते. कानही चमकतात."

बुरमाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. इतकी वेडगळ सबब कोणी आधीपासून तयार ठेवत नाही, असं मला वाटलं. इतकी वेडगळ सबब विचार केल्याशिवाय सुचतच नाही, असं तिला वाटलं.

"करून दाखव," ती म्हणाली.

तिने स्वतःच्या डोक्यावरचा काळा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो बांधला. एका झटक्यात, आरशाशिवाय, घट्ट. बुरमाचे डोळे पुन्हा बारीक झाले. "बराच सराव आहे."

"थंडीभर काय केलं दुसरं," शारशेन म्हणाला.

त्याने किटली उकळायला ठेवली. खोलीत वाफ नसली तर शेगडीच्या कोरड्या हवेत बुडबुडा डोळा मिटेपर्यंतही टिकत नाही. मग वाडगा पालथा घातला, ओला केला, नळीने त्यावर हळूच फुंकलं. संत्र्याएवढा बुडबुडा बसला. आधी नुसता पाण्यासारखा, मग वरून रंग उतरू लागले. बुरमा नाक लावून बघत होती. वर, चादरीच्या उजेडात, रुमालवाली रुंद खांद्यांची एक सरळ बाई. खाली तीच, उलटी. बाजूला बुरमा स्वतः, तीही दोनदा.

फट.

"पुन्हा काढ," ती म्हणाली.

पुन्हा काढला. पुन्हा त्याच दोघी.

"वरची मी पुसली," शारशेन म्हणाला. "खाली बघायचं राहिलं. मोजणीत आम्ही उलटी माणसं धरत नाही."

बुरमा स्टुलावर बसली. "आणि हे गावाला सांगायला तोंड नव्हतं? गाव तुला सोनून चिकटवतंय!"

शारशेनने खूप विचार केला. "त्यात निदान काही बायकी नाही," तो म्हणाला. "बायकोचा रुमाल बांधून बसलो होतो म्हटलं तर तुरातबेक मला मरेपर्यंत सुनबाई म्हणेल. थडग्यावरही तेच कोरेल."

"म्हणजे मी गेले असते तर चाललं असतं?"

"नाही. म्हणून तर टोपी काढली."

 बुरमाने साबणाचे वाडगे एकेक करून विसळायला घेतले, आणि माणूस बिश्केकला निघालेला असताना भांडी विसळत नाही.

सभेला सगळा क्लब होताच, शिवाय फोटोशी कधीही संबंध न आलेली बरीच माणसं कलेच्या ओढीने आली होती. तुरातबेकनी घसा साफ केला. "शारशेन, शेवटचं विचारतो. फोटोतली बाई कोण?"

शारशेन टोपीखाली घामाने भिजला होता. त्याने तोंड उघडलं. तो बोलण्याआधीच मागच्या रांगेतून आवाज आला.

"मी."

बुरमा उभी होती.

"पण तू तर बिश्केकला होतीस," तुरातबेक म्हणाले.

"एक दिवस आले होते."

"कोणाला न सांगता?"

"सांगून आले असते तर उपयोग काय?" ती बायकांच्या बाजूला वळली. "नवरा थंडीभर एकटा. फोनवर म्हणतो, बुडबुडे काढतोय. तुम्ही काय केलं असतं?"

बायकांच्या रांगेत माना हलल्या. सगळ्यांनाच एकदम पटलं. नवरा निर्दोष आहे हे कोणाला पटलं नव्हतं. बायको चोरून बघायला आली हे लगेच पटलं.

"बुरमा, तुझे खांदे एवढे रुंद कधी झाले?" क्लाराएजेने विचारलं.

"एजे, बुडबुड्यात सगळंच फुगतं. तुम्ही बघा एकदा. नको, बघू नका."

हशा पिकला. निकाल क्लाराएजेनेच दिला: बायको पुसणं ही हलकी सुधारणा नाही. शारशेनने न पुसलेला फोटो द्यावा, तोच बिश्केकला जाईल. आणि तो गेला, दोन्ही बायांसकट.

प्रकरण मिटलं. पण बुरमाला आता गावभर बायका विचारत, कशी आलीस, काय पाहिलंस, आणि बुरमा सांगत असे. सांगता सांगता तिची गोष्ट भरत गेली. परवा शारशेन माझ्याकडे आला, दार लावून घेतलं, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"मुकाश, ती बायकांना सांगत होती. म्हणे बिश्केकहून येताना वाटेत बालिकचीजवळ बर्फामुळे गाडी तासभर अडकली. म्हणे घरी पोचली तेव्हा मी उभ्याउभ्याच तव्यातून अंडी खात होतो, पावाने पुसून."

"मग? रचून सांगते."

"फोटो काढला त्या दिवशी बालिकचीला बर्फ होता," शारशेन म्हणाला. "आणि मी अंडी खाल्ली होती."

"तू रोजच अंडी खात असशील."

"हो," तो म्हणाला.  मग उठला, टोपी घातली, आणि दारातून वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण ती नसताना उभ्याउभ्या खातो, हे तिला कोणी सांगितलं?"