निळी लादी

ऋतानं मागे हात घालून नऊवारीचा काष्टा एकदा चाचपला, फेटा नीट बसलाय ना ते बुलेटच्या आरशात पाहिलं आणि किक मारली. गाडी पहिल्याच फटक्यात धडधडली. उंबरवाडीच्या तिन्ही चाळींच्या गॅलऱ्यांतून टाळ्या आणि शिट्ट्या पडल्या. कुणीतरी वरून झेंडूच्या पाकळ्याही उधळल्या. ऋताचे गाल हसून हसून दुखायला लागले होते. गिरगावातल्या पाडव्याच्या यात्रेत बायकांच्या बुलेटचा ताफा असतो, आणि यंदा त्या ताफ्यात, अगदी पहिल्या रांगेत, ती होती. आधीची वर्षं स्पर्धा परीक्षेनं खाल्ली. मग अन्नसुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली, ती थेट नांदेडला. मुंबईला बदली झाल्यावर बॅगा उघडायच्या आधी तिनं मैत्रिणीला, मनूला, फोन करून ताफ्यात नाव घालायला लावलं होतं.

वळणापलीकडून ढोलांचा आवाज येऊ लागला होता. तो कानांत कमी आणि छातीत जास्त वाजत होता.

वाडीच्या तोंडाशी बाबांचा मांडव होता. माधवराव गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरू लागले, पण यात्रेतल्या माणसांना कोकम सरबत पाजण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नव्हतं. पांढराशुभ्र झब्बा, खांद्यावर उपरणं, समोर स्टीलची तीन मोठाली पिंपं. एका पिंपात ते लांब दांड्याचं ओगराळं फिरवत होते.

"बाबा, निघते मी!"

"अगं थांब, ग्लासभर घेऊन जा. ऊन बघ केवढं आहे."

तिनं गाडी मांडवापाशी घेतली. बाजूला गोणपाटावर बर्फाची लादी ठेवून वाडीतले दोघेजण ती दांडक्यानं फोडत होते. एक घाव बसला, मोठा तुकडा सुटला आणि उन्हात चमकला. ग्लासाकडे गेलेला ऋताचा हात तसाच थांबला.

तुकडा निळा होता. गडद नव्हता, धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला नीळ किंचित जास्त व्हावी, तसा.

तिनं गाडी बंद केली, खाली उतरून तुकडा उचलला आणि बाबांच्या उपरण्यावर धरून पाहिला. शंकेला जागाच राहिली नाही.

"हा बर्फ कुठला, बाबा?"

"आपला बर्फवाला आलाच नाही आज. त्याचा कारखाना बंद पडलाय म्हणे. नाक्यावरून एक टेम्पो चालला होता, त्याच्याकडून उतरवून घेतला. का गं?"

"हा खायचा बर्फ नाहीये. मासळीत घालायचा आहे. चुकून कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणूनच त्यात निळा रंग टाकतात. रंगाचं एवढं काही नाही, पण पाणी कुठलंही असतं याचं. कुणी तपासत नाही." तिनं पिंपांकडे पाहिलं. "कितींत पडलाय?"

"दोन पिंपांत. तिसऱ्यात आता घालणार होतो."

"घालू नका. आणि ही दोन्ही ओतायची."

दांडकी थांबली. ग्लास मांडणारे हात थांबले. बाबांनी ओगराळं पिंपाच्या काठाला टेकवून ठेवलं आणि मांडवातल्या माणसांना ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात म्हणाले,

"तुझी इथली नोकरी उद्यापासून. आज पाडवा आहे."

"कुणी प्यायलंय का अजून?"

"माणसं वळणावर आलीत, ऋता. उन्हातून नाचत येतायत. मी काय रिकाम्या पिंपांशी उभा राहू?"

"बाबा, कुणी प्यायलंय का?"

"मी," ते म्हणाले. "चवीपुरतं. अर्धा ग्लास."

 ऋताच्या चेहऱ्यावर बाबांना काय दिसलं कुणास ठाऊक, त्यांनीच मान दुसरीकडे वळवली.

तिनं पहिल्या पिंपाला दोन्ही हात लावले आणि जोर केला. पिंप हललं नाही. मांडवातलं कुणी पुढे येईना. सगळे माधवरावांच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं पाय रोवून पुन्हा जोर लावला. बांगड्या पिंपाच्या काठावर खणखणल्या, एक फुटली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक खांदा लागला. बाबा तिच्याकडे न बघता पिंप रेटत होते. पिंप कलंडलं आणि जांभळंलाल सरबत फरशीवरून धावत गटाराकडे गेलं. जिऱ्याचा आणि कोकमाचा वास सगळ्या वाडीभर पसरला. दुसरं पिंप त्यांनी एकट्यानंच ओतलं. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि उपरण्यानं हात पुसत राहिले, हात कोरडे झाल्यावरही.

ऋताची आई, नलू, पहिल्या मजल्यावरून सगळं पाहत होती. ती जिना उतरून आली, ओल्या फरशीकडे तिनं एकदा पाहिलं, खुर्चीतल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि वर तोंड करून असा आवाज दिला की ढोलही क्षणभर मागे पडले.

"अहो ऐका सगळे! फ्रीजमधला बर्फ काढा! असेल तेवढा! आणि पाणी फिल्टरचंच द्या, नळाचं नको!"

मग उंबरवाडीत जी धावपळ उडाली ती ऋतानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिन्ही चाळींत फ्रीजची दारं उघडली. बर्फाचे ट्रे जिन्यांवर आपटले जाऊ लागले. ज्यांना जिना उतरवत नव्हता त्यांनी गॅलरीतून दोरीला डबे बांधून खाली सोडले. कुणाच्या डब्यात बर्फ होता, कुणाच्या कळशीत थंडगार पाणी. एका आजींनी मटाराची गोठलेली पिशवीच पाठवली आणि वरून ओरडून सांगितलं की बर्फ नाहीये, पण ही पिंपाला बाहेरून लावा. ऋतानं पदर खोचला. उकळतं पाणी मागवून दोन्ही पिंपं आतून धुऊन घेतली, प्रत्येक कळशीपाशी "फिल्टरचंच ना?" असं विचारलं, आणि ज्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला त्यांची कळशी हसून बाजूला ठेवली. कोकमाच्या पाकाच्या बाटल्या, साखर, पादेलोण पुन्हा पडलं. आईनं ओगराळं हाती घेतलं होतं.

फोन वाजला. मनू होती.

"कुठायस तू? निघतोय आम्ही! सगळे भगवे फेटे एका लायनीत, काय दिसतंय रे यार!"

"तुम्ही व्हा पुढे."

"काय?"

"पुढे व्हा, मनू. माझी जागा दुसऱ्या कुणाला दे."

फोन ठेवल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग एका दोरीवरून भरलेला डबा भरकन खाली आला आणि तो झेलता झेलता तिला हसू फुटलं. यात्रेची पहिली पालखी वळणावर दिसली तेव्हा तिन्ही पिंपं भरलेली होती. पहिला ग्लास एका लेझीमवाल्या मुलीनं उभ्या उभ्या संपवला आणि दुसरा मागितला.

"ऋता."

बाबा खुर्चीतून उठून मागे आले होते.

"त्याच टेम्पोतून शेवगेवाडीच्या वरदनंही लाद्या घेतल्या. माझ्यासमोर. ढोलपथकाला पियूष देणार आहेत ते."

"फोन लावा त्याला."

"तीनदा लावला. या आवाजात त्याला काय ऐकू जाणार?"

मोठा रस्ता माणसांनी भरून गेला होता. ऋतानं बुलेटकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बसा मागे."

"मी? या गुडघ्यांनी?"

"आतल्या गल्ल्या मला आठवत नाहीत आता. तुम्हाला पाठ आहेत. बसा."

बाबा बसले. आधी त्यांनी हात मांड्यांवर ठेवले होते. पहिल्या वळणावरच ते तिच्या खांद्यांवर आले. "डावीकडे. आता सरळ. अगं, तो हापूसवाला बसलाय, जपून! उजवीकडे घे, उजवीकडे!" गाडी दोन चाळींमधल्या बोळातून सुटली, गुढ्यांच्या खालून गेली, रांगोळ्या चुकवत एका अंगणातून बाहेर पडली. कुणीतरी आरोळी ठोकली, "माधवराव, जोरात!" ऋताला मागे वळून त्यांचा चेहरा पाहायचा होता. वेळ नव्हता.

शेवगेवाडीच्या मांडवात वरद कागदी पेले भरून तबकात लावत होता. तिशीचा, उत्साही, गळ्यात पथकाचा शेला. ढोलवाली मुलं घामानं निथळत रस्त्याच्या कडेला यायला लागली होती. पेल्यांतलं पियूष किंचित हिरवट दिसत होतं.

"थांबव!" ऋता गाडीवरूनच ओरडली. "वरद, देऊ नकोस कुणाला!"

तिनं उतरून धापा टाकत सगळं सांगितलं. वरदनं ते हसतमुखानं ऐकून घेतलं, पण तबक खाली ठेवलं नाही.

"ताई, हिरवं पिस्त्यामुळे आहे. आणि तुम्ही अधिकारी आहात, तर कार्ड दाखवा ना. आज कोणीही येऊन काहीही सांगतं. मागच्या वर्षी एकानं येऊन आमचा मांडवच हलवायला लावला होता."

ऋताचा हात कमरेशी गेला. नऊवारीला खिसा नसतो. कार्ड घरी, कपाटात. नथ, फेटा, फुटलेल्या बांगडीनं मनगटावर उमटलेला ओरखडा. आपण कशा दिसत असू ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तोवर एका मुलीनं तबकातला पेला उचललाही होता.

"बाळ, ठेव तो खाली," बाबा म्हणाले.

ते अजून गाडीवरून नीट उतरलेही नव्हते. एक पाय जमिनीवर टेकवत, सीट धरत ते पुढे आले. मुलगी थबकली.

"वरद, टेम्पो आपण दोघांनी मिळून थांबवला. खरं की नाही?"

"हो, काका."

"तो काय म्हणाला होता? टेम्पोवाला?"

वरदनं नकारार्थी मान हलवली.

"तू पैसे काढत होतास, तुला ऐकू गेलं नसेल. मला गेलं होतं. 'पीने का नहीं है ये,' म्हणाला. मी त्याला म्हटलं, दे रे, आज सणाचा दिवस आहे, काही होत नाही." बाबांचा आवाज तेवढ्या गलक्यातही अगदी स्वच्छ येत होता. "माझी दोन पिंपं मी आत्ता गटारात ओतून आलो. सगळ्या वाडीसमोर. मला कार्ड कुणी दाखवलं नव्हतं."

ऋता बाबांकडे पाहत राहिली. हे त्यांनी मांडवात सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

वरदनं तबक हळूच टेबलावर टेकवलं. पेल्यात डोकावून पाहिलं, एक पेला उचलून उन्हात धरला. मग मुलीच्या हातातला पेला त्यानं स्वतः काढून घेतला.

"ओता रे," तो मागे वळून म्हणाला. "सगळं ओता. आणि समोरच्या दुकानातून पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणा, असतील तेवढ्या. पळा!"

सकाळी मांडवाचे फोटो काढताना लाद्या उतरवणाऱ्या टेम्पोची नंबरप्लेटही वरदच्या फोनमध्ये आली होती. ऋतानं तो फोटो आपल्या साहेबांना पाठवला, फोनवरून दोन वाक्यांत सांगितलं. पुढच्या नाक्यांवर टेम्पोचा शोध घ्यायला ते लगेच माणसं धाडणार होते. तिनं फोन ठेवला तेव्हा ढोलपथकानं पाणी पिऊन पुन्हा टिपरं उचलली होती आणि पहिल्याच ठोक्याला समोरच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिच्याही अंगावर काटा आला.

परत निघताना बाबांनी बोळाकडे बोट दाखवलं. पण बोळाच्या तोंडाशी पथक उभं होतं आणि मागे वळायला जागा नव्हती. गाडी पुढे काढायची तर मोठा रस्ताच. ऋता बाहेर पडली आणि थेट बायकांच्या ताफ्याच्या मध्यात सापडली.

"आली रे आली!" मनू पलीकडून किंचाळली. तिनं आपली गाडी बाजूला घेऊन जागा केली. पहिली रांग नव्हे, तिसरी की चौथी. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून फुलं पडत होती. झब्ब्यावर सरबताचे डाग पडलेला म्हातारा मागे बसलेला पाहून लोक जास्तच चेकाळले.

"मला उतरव इथे," बाबा तिच्या कानाशी म्हणाले. "बायकांच्यात मी कुठे..."

"बसा हो बाबा. पोटात दुखतंय का?"

"नाही."

"दुखलं तर लगेच सांगायचं. आज, उद्या, कधीही. लपवायचं नाही."

 गाड्या ढोलाच्या ठेक्यावर संथ सरकत होत्या. पुढे रस्त्याच्या कडेला आणखी एक मांडव आला. कुठल्याशा मंडळाचा, अनोळखी माणसांचा. तिथे लोकांची झुंबड होती, ग्लास हातोहात जात होते. ऋताचं लक्ष पुढच्या गाडीच्या चाकाकडे होतं. अचानक तिच्या खांद्यावरचा एक हात उचलला गेला आणि कानाजवळ बाबांचा आवाज गरजला, ढोलांच्याही वर.

"अहो! अहो, मांडववाले! बर्फ कुठला तुमचा?"

मांडवातल्या माणसाला काही कळलं नाही. तो हसून हात हलवायला लागला.

"बर्फ! बर्फ दाखवा!"

ऋतानं क्लच दाबला आणि गाडीचा वेग कमी केला.