नमुन्याचे बदक

मित्रांनो, मी एक जुने लाकडी बदक आहे. माझ्या अंगावर चोचीपासून शेपटीपर्यंत एक फट आहे. मला पाहणारा प्रथम तिच्यावरच बोट ठेवतो; म्हणून तिचीच हकीकत आधी सांगणे प्राप्त आहे.

माझे जन्मदाते वयोवृद्ध कारागीर होते. प्रत्येक खेळणे ते स्वतःच्या गालावर घासून पाहत. किंचित टोचले तरी पुन्हा घासायला घेत. परंतु जवळच प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा कारखाना निघाला आणि त्यांच्या दुकानाची पायरी ओस पडली. त्यांची लेक त्याच कारखान्यात खोकी भरीत असे. एके दिवशी ती हर्षभरित होऊन घरी आली.

"बाबा, साहेबांना बदकाचा नमुना हवाय. पसंत पडला तर तुम्हाला कायमचं ठेवतील. फक्त मधोमध उघडणारं करा म्हणाले."

"उघडणारं? बदक आहे का डबा?"

"सांगितलंय तसं करा ना!"

"गप गं. जोडकाम कोणीही करील. माझी करामत बघतील, तर बसायला खुर्ची देतील!"

अशा रीतीने, एकाच अखंड ठोकळ्यातून मी जन्मास आले.

लेकीने मला कारखान्यात नेले. साहेबांनी मला उलटसुलट केले. "साचा दोन भागांचा असतो, हे म्हाताऱ्याला कळू नये? कापा!"

करवत माझ्या आरपार गेली. दारात उभ्या लेकीने कसेबसे विचारले, "साहेब, बाबांच्या कामाचं?"

"न ऐकणारा माणूस घेऊन काय लोणचं घालू?"

साचा तयार झाल्यावर तिने माझे दोन तुकडे पिशवीत घालून घरी आणले. कारागिरांनी ते बराच वेळ न्याहाळले.

"खुर्चीचं काय म्हणाले?"

"बघू म्हणाले, बाबा."

त्यांनी मला सरसाने जोडले. परंतु करवतीने खाल्लेले लाकूड परत येत नाही. फट राहिली ती राहिलीच. त्यानंतर ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून पायरीवर बोलावण्याची वाट पाहत बसत. समोरून माझ्याच रूपाच्या हजारो बदकांची खोकी गाडीतून जात. लेकीला खरे सांगण्याचा धीर अखेरपर्यंत झाला नाही. एका हिवाळ्यात पायरी रिकामी झाली.

मित्रांनो, तुमच्या प्लॅस्टिकच्या बदकाच्या पोटावरून बोट फिरवा. एक बारीक रेघ लागेल. कंटाळा आला म्हणून त्याला उकिरड्यावर फेकू नका. त्याचा पहिला नमुना करणारा माणूस सदरा घालून तयार बसला होता, आणि त्याला कोणीही बोलावले नाही.