जहाज बुडाल्याची तारीख

वर्तमानपत्रात 'दिनविशेष' लिहिणाऱ्या माणसाने मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला घेऊ नये. तारीखबुवांनी घेतली आणि तीन आठवडे घर खोळंबलं. बुवांकडे एक कार्डपेटी होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक कार्ड. बावीस वर्षांच्या नोकरीत जगाची सगळी उलथापालथ त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती.

हॉलच्या मॅनेजरने एप्रिलमधल्या तीन तारखा आज पाचपर्यंत धरून ठेवल्या होत्या. सव्वाचार वाजले होते.

"सव्वीस?" मुलीने विचारलं.

"अणुभट्टी फुटली," बुवा कार्ड न बघताच म्हणाले.

"अठरा?"

"भूकंप. वर आग. अख्खं शहर गेलं."

"पंधरा?"

"जहाज बुडालं. दीड हजार माणसं."

"बाबा, लग्न हॉलमध्ये आहे, डेकवर नाही! ह्या तारखा गेल्या की हॉल थेट डिसेंबरात. मे महिन्यात होणाऱ्या नवऱ्याची बदली होतेय समुद्रापार. मग काय, पत्राने लग्न लावू?"

"अगं, जरा बरा दिवस बघू, एवढंच म्हणतोय."

"दाखवा एक!"

बुवा पेटी चाळू लागले. चाळतच राहिले. जगाने एकही तारीख मोकळी सोडली नव्हती.

इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालणारी आई म्हणाली, "अहो, आपली सत्तावीस ऑगस्ट काढा बघू."

"ती कशाला?"

"पेटी मीच पुसते, म्हटलं."

कार्ड मुलीनेच ओढलं. वर एका तत्त्वज्ञाचा जन्म. खाली तांबड्या पेन्सिलीने खोडलेली ओळ : ज्वालामुखीचा उद्रेक, छत्तीस हजार बळी.

बुवा चष्मा पुसू लागले. "आमचं लग्न आधी झालं, नोकरी नंतर लागली. तेव्हा कळलं."

"मग?"

"मग छापलं नाही. एकदाही."

"म्हणजे तुम्हाला छत्तीस हजार चालले आणि मला दीड हजार जड?"

"आणि ज्वालामुखी म्हणाल," आई घडी दाबत म्हणाली, "तर तो घरात रोजच आहे. जळलं का काही?"

पाचला सात मिनिटं असताना बुवांनी स्वतःच फोन लावला. "पंधरा," ते म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "हो, पंधराच."

पुढल्या वर्षी त्या तारखेच्या सदरात लिओनार्दोचा जन्म ठळक अक्षरांत आला. एका जागरूक वाचकाने पत्र पाठवलं : एवढं मोठं जहाज गेलं कुठे?

बुवांनी खुलासा छापला : जागेअभावी.