पिवळी बोटं

सकाळपासून मी तोच ओटा चार वेळा पुसला होता. घर माझं नव्हतं आणि हातांना चैन नव्हती. घड्याळाचे काटे तर त्या दिवशी संपावर गेले होते.

घर ज्याचं, तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या शर्टांच्या कारखान्यातली लिफ्ट वर्षभर बिघडत राहिली आणि तेवढ्यात आमचं जमलं. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलं दोन, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. "लग्नाचं मुलांना विचारून ठरवू," असं तो म्हणाला होता. त्याआधी मी एक दिवस त्यांच्यासोबत एकटीनं काढायचा. म्हणजे परीक्षाच की. चाळिशीची बाई परीक्षेला बसलेली आणि परीक्षकांपैकी एकाचं नाक वाहतंय.

मुलगा 'मावशी, मावशी' करत केव्हाच गळ्यात पडला होता. मुलगी विचारलं तेवढंच बोलायची. तिच्यासमोर पुस्तक उघडं होतं, पण तासभरात पान काही उलटलं नव्हतं. मला तिचा होकार हवा होता. इतका हवा होता, की माझी मलाच लाज वाटत होती.

"घरातल्या वस्तूंच्या बाहुल्या करू या," मी म्हटलं. लाकडी चमच्याला बटणांचे डोळे लावले. रिकाम्या बाटलीला लोकरीचे केस चिकटवले, तर ती थेट आमच्या सुपरवायझरसारखी दिसायला लागली. मी त्याच्या आवाजात ओरडून दाखवल्यावर मुलगा लोळायचा बाकी राहिला. मुलगी पुस्तक ठेवून जवळ आली, झाकणांना डिंक लावू लागली, आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

"आता बोटांच्या बाहुल्या! पाच भावंडं!"

बेसिनखाली खिळ्याला पिवळ्या रबरी हातमोज्यांचा जोड चिमट्यानं अडकवलेला होता. त्यातला एक मी काढला. कारखान्यात मी कापड कापते. खडूची रेघ दिसली की कात्री चालवायची, थबकायचं नाही. थबकलं की कड वेडीवाकडी होते. पाच वेळा कात्री चालली आणि पाच बोटं टेबलावर पडली.

"तो आईचा होता," मुलगी म्हणाली.

मी कात्री खाली ठेवली. तो भांडी उघड्या हातांनी घासतो हे मी पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. फ्यूज कुठे, दूध किती वाजता, मुलगा कशाला घाबरतो, सगळं त्यानं कागदावर लिहून दिलं होतं. एवढंच नेमकं राहिलं. क्षणभर मी त्या गेलेल्या बाईवरही चिडले, आणि मग त्याची जास्तच लाज वाटली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "पण विचारायला हवं होतं. चुकले मी."

मुलीनं बोटं उंचीप्रमाणे ओळीत मांडली. बराच वेळ बघत बसली. मग पेन घेऊन एकेकाला डोळे आणि तोंड काढू लागली. ती रागावलीय की काय, मला कळेना. मी उगाच उठून खिडकी उघडली, मग बंद केली. तीन चेहरे झाले आणि दारात किल्ली फिरली. चार वाजले होते.

त्यानं टेबल पाहिलं, मग खिळा. चेहरा उतरला.

"मी कापला," मी आधीच म्हटलं. "न विचारता."

"एका शब्दानं विचारता आलं नाही?"

"कुणाला विचारणार?" मुलगी पेन न थांबवता म्हणाली. "तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. तू आम्हालाही काही सांगत नाहीस, बाबा."

तो तसाच उभा राहिला, अवजारांची पिशवी खांद्यावर.

"काय सांगत नाही? कुणाचं आहे हे?" मुलानं विचारलं. त्यानं एक पिवळं बोट अंगठ्यावर चढवलं होतं. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

"आईचं," पिशवी खाली ठेवत बाबा म्हणाला.

मुलानं अंगठा डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या हातानं चाचपला. "आईचा हात एवढा होता?"

तेव्हा तो जमिनीवरच बसला. "थोडा लहान," तो म्हणाला. "हातमोजे तिला सैल व्हायचे. सारखे निसटायचे. मग ती चिडायची." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. मुलगा त्याच्या मांडीत जाऊन बसला होता. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी कात्री पिशवीत टाकली आणि आवाज न करता दाराकडे वळले.

"तुम्ही कुठे निघालात?" मुलगी म्हणाली. तिनं पेन माझ्यापुढे धरलं. "दोन राहिलीत. ती तुम्ही काढा."