डोंगराखालचं गणित

“उद्या, की चाळीस वर्षांनी?” वेधशाळेच्या संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोन्ही तुमच्या उत्तरात बसतं. मग मी लोकांना सांगू काय?”

समोर बसलेल्या तिनं आपला अहवाल पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. ज्वालामुखीच्या पोटात, कित्येक किलोमीटर खाली, खडक कसा वितळतो, तो रस कुठे साठतो आणि किती साठला की वर निघतो, याची समीकरणं मांडण्यात तिची अर्धी हयात गेली होती. खाली उतरून कुणीच पाहिलेलं नव्हतं. वर येणारे वायू, जमिनीचा फुगवटा, बारीकसारीक हादरे, एवढ्यावरून आतलं सगळं गणितानं उभं करायचं. आणि गेल्या महिन्यापासून तिचं गणित एकच सांगत होतं: खोलातून पाणी खडकात शिरतंय, त्यामुळे तो एरवीपेक्षा कमी उष्णतेतच वितळतोय, आणि रस भराभर साठतोय.

“सर, निदान उतारावरच्या गावांना तरी हलवू या.”

“अकरा वर्षांपूर्वी हलवलीच होती की, याच गणितावर. काय झालं? डोंगर साधा शिंकलासुद्धा नाही.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तुम्ही काय भोगलंत ते मला माहीत आहे, बाई. पण पुन्हा नाही.”

भोगलं होतं खरं. त्या वेळी तिच्या आईलाही उतारावरच्या घरातून उचलून शाळेच्या हॉलमध्ये आणून ठेवलं होतं. गार फरशी, चहूकडे खोकणारी माणसं. आईला न्यूमोनिया झाला आणि ती घरी परतलीच नाही. तेव्हापासून दादा तिच्याशी धड बोलला नव्हता.

तिनं रजा टाकली, एक मोठी गाडी ठरवली आणि वर गेली.

दादा गोठ्यात धार काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

“गाडी कशाला आणलीस?”

“तुम्हाला सगळ्यांना न्यायला.”

“सरकारी हुकूम?”

“नाही. माझं म्हणणं.”

“चिमे, पन्नाशी आली तुझी,” दादा म्हणाला. “अजून बागुलबुवाला भितेस.”

ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. “थंडीत मध गोठतो ना, रवाळ होतो? बरणी उपडी केली तरी पडत नाही. पण ऊब लागली, रव्यांमधलं पातळ वाढलं, की एकदम अख्खा गोळा सुटतो. खाली तसंच चाललंय, दादा. गोळा सुटायच्या बेतात आहे.”

“कधी सुटेल?”

“ते नाही सांगता येत.”

“महिन्यात?”

“माहीत नाही.”

“वर्षात?”

“दादा, नाही रे माहीत.”

त्याचे हात थांबले. “मग आईला कशाच्या जोरावर नेलीस?”

त्या वेळीही माहीत नव्हतं, हे सांगायला तिची जीभ उचलेना. तिनं त्याचे पाय धरले. “मला वाटेल ते बोल, मार हवं तर, पण चल!”

“पाय सोड,” तो म्हणाला. “जनावरं टाकून मी कुठंही येणार नाही.”

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. “तुम्ही नाही, तर मीही नाही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “पण बाबांचं काय? वेळ आलीच, तर त्यांना उचलून पळणार कोण?”

बाबांना लकवा होऊन बरीच वर्षं झाली होती. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. दादानं बादली उचलली, भिंतीशी नेऊन ठेवली.

“बाबांना ने,” तो पाठमोराच म्हणाला.

खाटेवरून उचलून बाहेर काढताना बाबांनी डाव्या हातानं दाराची चौकट पकडली. दादानं तोंड फिरवलं. मग तिनंच ती बोटं एकेक करून सोडवली. “थोडेच दिवस, बाबा,” ती म्हणाली. त्यालाही काही आधार नव्हता.

तिच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. बाबा त्या भिंतीकडे बघत पडून राहत. जेवण हळूहळू तुटलं. ती चमच्यानं पेज भरवायची, ते ओठांच्या कडेनं बाहेर सोडून द्यायचे. दिवसा नर्सवर सोपवून ती कामावर जायची. तिथं पडद्यावरची, साठत्या रसाची रेघ चढत होती. डोंगर मात्र ढिम्म. एकदा ती रेघ बघता बघता तिच्या मनात आलं, फूट ना एकदाचा! म्हणजे मी उगीच नाही आणलं त्यांना. पुढच्याच क्षणी तिला आठवलं की दादा, वहिनी त्याच डोंगरावर आहेत. ती धावत बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

एका रविवारी दुपारी बाबा गेले. पेजेचा चमचा तिच्या हातातच होता.

दादा खाली आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती, त्याच्या बोलण्याची वाट बघत. आता बोलेल. बोलू दे. दादा बाबांपाशी बसला, खिशातल्या रुमालानं त्यांची हनुवटी पुसली, आणि म्हणाला, “पायांकडून धर.”

लिफ्टमध्ये मावण्यासारखं नव्हतं. दोघांनी जिन्यानं उतरवायला घेतलं. मधल्या वळणावर तिला धाप लागली.

“दमलीस?” दादा म्हणाला. “टेक जरा.”

वर गावात बाबांचे दिवस आटोपून ती शहरात परतली. निघताना तिनं ‘खाली येतोस का’ म्हणून पुन्हा एकदा विचारून पाहिलं. दादानं नकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करते. दादा उचलतो, “आहोत” म्हणतो, आणि ठेवून देतो.

परवा मीटिंग लांबली आणि फोन राहून गेला. ती टेबलाशी येऊन बसते तोच फोन वाजला. दादा होता.

“आज आला नाही तुझा.”

“अडकले होते रे.”

मागे गाय हंबरली. दादा म्हणाला, “इथं शांत आहे सगळं. तू जेवून घे.”

तिनं फोन खाली ठेवला. समोरची रेघ कालच्यापेक्षा किंचित वर होती. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि सगळे आकडे पहिल्यापासून तपासायला घेतले.