विधानसभेत गेलेला बेडोकचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पण कुणी मला ‘नुसता पाट’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. भर विधानसभेत मी आमदारबाईंना पेललं आहे, तेही अमेरिकेतल्या! तुमच्या मऊ मऊ सोफ्याला जमलंय का असलं काही?

माझा जन्म सिंगापुरातला. बेडोकमध्ये राहणाऱ्या प्रबोध आणि संजीवनी यांचं सागवानी कपाट मोडलं, तेव्हा त्याच्या फळीतून एका चिनी सुतारकाकांनी मला घडवलं. प्रबोध-संजीवनींची लेक गार्गी माझ्यावर बसून जेवायची. बेसिनला हात पोचत नसे, म्हणून माझ्यावर उभीही राहायची. पण चपला घालून कधीच नाही. पाटाला चप्पल लागता कामा नये, ही संजीवनीबाईंची शिस्त.

त्या काळी त्यांच्या ब्लॉकची, म्हणजे इमारतीची, लिफ्ट मोजक्याच मजल्यांवर थांबायची आणि यांचा मजला त्यात नव्हता. बाईंचे गुडघे धरले, तशा त्या खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवरही, जाईनाशा झाल्या. पुढे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबू लागली. त्या दिवशी बाईंनी तिच्या दाराला चक्क हळदकुंकू वाहिलं. ‘नको लाह आई, सगळे बघतायत,’ असं अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणून गार्गी लाजेनं आत पळाली.

अमेरिकेला शिकायला जाताना गार्गीनं मला कपड्यांखाली कोंबून नेलं. मग तिथेच नोकरी, तिथलंच नागरिकत्व आणि वर राजकारणाचं खूळ! उंची जेमतेम पाच फूट, म्हणून प्रत्येक सभेला मी बरोबर. पहिल्या निवडणुकीत ती सपशेल आपटली. दुसऱ्यांदा मात्र राज्याच्या विधानसभेवर निवडून आली. इकडे संजीवनीबाईंनी ‘आमची गार्गी आमदार झाली’ म्हणत अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

तिच्या मतदारसंघात डोरिस नावाच्या एक आजी सहाव्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. लिफ्ट बंद आणि घरमालक ढिम्म. वर्षभर आजींचे पाय जमिनीला लागले नव्हते. म्हणून गार्गीनं विधेयक आणलं, की भाड्याच्या इमारतीतली लिफ्ट मालकानं चालू ठेवलीच पाहिजे. ते नामंजूर झालं असतं, तर आजी तिथेच अडकून राहिल्या असत्या.

विधेयकावरच्या भाषणाचा दिवस आला. समोरचं मेज उंच होतं. गार्गीनं सवयीनं बूट काढले आणि ती माझ्यावर चढली. सभागृहात खसखस पिकली. विरोधी बाकांवरचे एक आमदार उठले आणि अनवाणी बोलल्यानं सभागृहाचा मान जातो, अशी हरकत त्यांनी घेतली. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला! गार्गीनं मात्र माझ्यावर पाय घट्ट रोवले.

ती शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे पाटावर बूट घालून चढत नाहीत. ज्यानं आपल्याला वर उचललं, त्याला तुडवायचं नसतं. तुम्हाला-मला लोकांनीच उचलून इथवर आणलंय आणि त्यांच्यातल्याच एक बाई वर्षभर जिना उतरू शकलेल्या नाहीत.”

हसू विरलं. अध्यक्षांनी हरकत फेटाळली. हरकत घेणाऱ्यांनी मत विरोधातच दिलं, कारण पालथ्या घड्यावर पाणी! पण त्यांच्या शेजारच्या दोघांनी बाजू बदलली आणि आमचं विधेयक एका मतानं मंजूर झालं. मित्रांनो, माझा ऊर असा भरून आला की विचारू नका.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी गार्गी मला काखेत मारूनच तिथे गेली. डोरिसआजी खाली आल्या. मग त्या पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या. त्यांना आवरेना आणि गार्गीला डोळे पुसायला हात पुरेनात.

आता विधानसभेनं मेजाशी कायमची पायरी बसवली आहे, म्हणून गार्गी यंदा मला बेडोकला सोडून गेली. संजीवनीबाईंना मला काचेच्या कपाटात मांडायचं आहे. मित्रांनो, तसलं काही करू देऊ नका. माझ्यावर बसून जेवा, माझ्यावर उभे राहून फळीवरचा डबा काढा. आणि तुमच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर कुणी अडकून पडलं असेल, तर माझं कौतुक नंतर करा. आधी जाऊन त्यांची बेल वाजवा.