उपमंत्री पैरोज यांचं न ऐकलेलं खरं

माझे वडील पैरोज आणि सानितकाका एकाच वर्षी सैन्यात अधिकारी झाले. दोघंही आमच्या ताडांच्या मुलखातले, एकाच नदीकाठी वाढलेले. काका घरी आले की फाटकातूनच ओरडायचे, "वहिनी, मासा तळलाय की पुन्हा जाळलाय?" आणि आई आतून म्हणायची, "तुम्हाला जाळलेलाच मिळेल. बसा गुमान."

मी शाळकरी असताना सानितकाकांनी सरकारविरुद्ध उठाव केला. आदल्या आठवड्यात ते बाबांना भेटून गेले होते. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "मी तुझ्याबरोबर येणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही."

सकाळी काकांचे रणगाडे बँकॉकच्या रस्त्यांवर उतरले. दुपारपर्यंत कळून चुकलं, की ज्या पलटणी येणार होत्या त्या आलेल्या नाहीत. काका शंभरेक जवानांसह एका सरकारी इमारतीत अडकले. सरकार चालवणाऱ्या सेनापतींनी बाबांना बोलावून घेतलं.

"तुझा मित्र आहे ना? त्याला सांग, शस्त्रं खाली ठेव. विमान तयार आहे, बायकोमुलांना घेऊन देश सोड. केसालाही धक्का लागणार नाही."

"हा शब्द कुणाचा, साहेब?" बाबांनी विचारलं.

"माझा. आणि आत गेल्यावर तुझा."

बाबा पिस्तूल बाहेर ठेवून आत गेले. काका जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"जेवलास का?" काकांनी विचारलं.

"नाही. तू?"

"होतं ते पोरांना दिलं. बोल, काय निरोप आणलास?"

बाबांनी विमानाचं सांगितलं.

"विमान डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही. पण मला तसं सांगितलंय."

काका हसले. "तू सांगतोयस ना, मग चल. पोरं तरी घरी जातील."

दोघं बरोबर बाहेर आले. विमान नव्हतंच. महिना संपायच्या आत, खटला न चालवता, एका हुकमावर काकांना गोळ्या घातल्या. तोवर बाबा रोज सकाळी गणवेश चढवून सेनापतींच्या दारी जाऊन उभे राहायचे. त्यांना कधी आत घेतलं नाही.

थोड्याच दिवसांत बाबांना बढती देऊन उत्तर युरोपात राजदूत म्हणून पाठवायचं ठरलं. आईने विचारलं, "अहो, हे बक्षीस की हद्दपारी?"

"मलाही कळत नाहीये," बाबा म्हणाले.

निघण्याआधी ते लामदुआनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, भेटायला गेले. मी बरोबर होते. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं. बाबांनी जमिनीला डोकं टेकवलं तरी त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ठरवून फसवलं असतंत तर मी तुम्हाला तोंडभर शिव्या दिल्या असत्या. पण तुमचा खरंच विश्वास बसला होता. आता मी तुमचं काय करू?"

परदेशात बाबा फार नावाजले गेले. उंच, शांत, हसतमुख. आमचं सरकार कुठल्या गोष्टीची हमी देतं, हे सांगायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. एकदा एका पत्रकाराने काकांबद्दल विचारलं. बाबा हसून म्हणाले, "तो बंडखोर होता. आमच्याकडे कायद्याचं राज्य आहे." घरी आल्यावर ते न्हाणीघरात शिरले आणि पाण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. आई दाराबाहेर उभी होती. बाबा जेवायला आले नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा सेनापती वारले होते आणि निवडणुका सुरू झाल्या होत्या. एका पक्षाला डाग नसलेला लष्करी चेहरा हवा होता. बाबा आमच्या मुलखातून निवडून आले, उपमंत्री झाले. मी त्यांची चिटणीस म्हणून काम करू लागले. लोक नमस्कार करायचे तेव्हा ते क्षणभर मागे बघायचे, जणू नमस्कार मागच्या कुणाला असावा.

त्याच सुमारास डोंगरापलीकडच्या एका गावाने खाणीचा रस्ता अडवला. सुरुंगांनी घरांना तडे गेले होते, विहिरी आटल्या होत्या, पोरं खोकून बेजार होती. पुढारी होती बुआफान, ताडगूळ कढवून विकणारी बाई. गावकरी रस्त्यावरच चटया टाकून बसले, तिथेच भात शिजवू लागले.

पक्षाध्यक्षांनी बाबांना बोलावलं. मी शेजारीच होते.

"जा आणि सांग, चौकशी होईल, सुरुंग बंद होतील. आज सगळ्यांनी घरी जा म्हणावं."

"चौकशी होणार आहे?"

"पैरोज, तू राजदूत होतास ना? मग असं अडाण्यासारखं काय विचारतोस? लोक घरी गेले की पुढाऱ्यांना घराघरातून उचलता येईल. रस्त्यावर राहिले तर पहाटे रस्ता साफ करावा लागेल. ते काम जरा घाण असतं."

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. त्यांनी भोंगा नाकारला, बूट काढले आणि लोकांच्या मधोमध चटईवर बसले.

"मला तुम्हाला आश्वासन द्यायला पाठवलंय," ते म्हणाले. "ते मी देत नाही, कारण ते खोटं आहे. चौकशी होणार नाही. घरी गेलात तर पुढाऱ्यांना उचलतील. इथे राहिलात तर पहाटे बंदुका घेऊन येतील. बुआफान, तू आणि तुझी माणसं आत्ताच्या आत्ता मुलूख सोडा. बाकीच्यांनी देवळात जा, भिक्खूंच्या आसऱ्याला."

कुणी हललं नाही. बुआफानने तोंडातलं पान बाजूला थुंकलं.

"मंत्रीसाहेब, सगळ्या मुलखाला ठाऊक आहे, कर्नल सानितांना तुम्ही म्हणालात, बाहेर ये, काही होत नाही. आणि ते मेले. आज आम्हाला म्हणताय, पळा, नाहीतर मराल. म्हणजे बसून राहिलो तर जगू, असंच ना?"

सगळी माणसं खदखदून हसली. बायका तर डोळे पुसत हसत होत्या.

"बाई, मी हात जोडतो," बाबा म्हणाले. "तेव्हा मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे."

"आज तुम्हाला रस्ता मोकळा हवाय, एवढंच आम्हाला माहीत आहे. फुकटात भीती घालून काम होत असेल तर कोण सोडेल? भात खाऊन जा, साहेब."

बाबा उठले नाहीत. म्हणाले, "मग मीही इथेच बसतो. मी असताना गोळी चालवणार नाहीत."

हे ऐकून मात्र बुआफानचा चेहरा बदलला. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, काही विचारणार होती. पण तेवढ्यात बाबांच्याच अंगरक्षकांना वायरलेसवर हुकूम आला. साहेबांचा रक्तदाब वाढलाय म्हणत त्यांनी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि गाडीत घातलं. मी मध्ये पडले तर मलाही ढकलत आत कोंबलं. बाबा काचेवर हात आपटत होते. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, नाटक संपलं.

पहाटे रस्ता साफ झाला. मेलेल्यांत बुआफान होती. आणि भात शिजवणारी तिची म्हातारी आईही.

बाबांनी संसदेत उभं राहून सगळं सांगितलं. कुणी काय हुकूम दिला, कुठल्या खोलीत दिला. पक्षाध्यक्षांनी हळहळून उत्तर दिलं, की आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मनावर फार ताण आलेला आहे, त्यांना विश्रांतीची गरज आहे. वर्तमानपत्रांनीही तेच छापलं. मी साक्ष दिली, तर मुलगी बापाचीच बाजू घेणार, असं म्हणाले. बाबांनी राजीनामा दिला आणि आम्ही नदीकाठच्या घरी परत आलो. खाण चालूच राहिली.

दर वर्षी गावकरी मेलेल्यांच्या नावाने भिक्खूंना जेवण घालतात. बाबा पहिल्या वर्षी गेले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, नका जाऊ. हाकलून देतील."

"देऊ देत."

कुणी हाकललं नाही, कुणी बोललंही नाही. ते देवळाच्या मंडपात मागे एका खांबाशी बसले आणि सगळं आटोपल्यावर उठून आले. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी बुआफानची धाकटी बहीण हातात गुंडाळी घेऊन त्यांच्यासमोर येऊन थांबली. बाबांनी मान वर केली.

"जरा सरका," ती म्हणाली, "चटई टाकायचीय."

बाबा सरकले. त्या पहाटेनंतर त्या गावात त्यांच्याशी कुणी बोललं ते तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.